सेवा-क्लबची दोन खाती : निधी, प्रकल्प आणि सभासद-वार्ता

स्नेहलतागंजसारख्या जुन्या वस्तीत वर्षातून चार-सहा वेळा तरी कोणी ना कोणी पावतीपुस्तक घेऊन दारात येते. कधी रक्तदान शिबिर असते, कधी गरजू विद्यार्थ्यांच्या वह्या, कधी नाटकाच्या प्रयोगाची तिकिटे, कधी स्मरणिकेतली जाहिरात. येणारा बहुधा ओळखीचा असतो, त्यामुळे आपण नाही म्हणत नाही. पण दिलेल्या पैशाचे पुढे काय होते, तो कोणत्या खात्यात जातो, त्यातून किती काम होते, हे विचारायला संकोच वाटतो. आपल्यापैकी अनेक जण स्वतःही रोटरी, लायन्स, इनरव्हील अशा क्लबांत किंवा आपल्या समाजाच्या मंडळांत पदाधिकारी आहेत. त्यांच्यापुढे प्रश्न उलट बाजूने येतो : पैसे मागायचे कसे, आणि हिशेब द्यायचा कसा?

दोन्ही बाजूंच्या मंडळींना उपयोगी पडेल अशी माहिती येथे एकत्र केली आहे. सगळ्याचे सार एका नियमात आहे. सभासदांचा पैसा एका खात्यात आणि लोकांचा पैसा दुसऱ्या खात्यात. हा नियम पाळणाऱ्या संस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. तो मोडला की संस्था बंद पडली नाही तरी तिच्यावरचा विश्वास उडतो, आणि मग पावतीपुस्तक पाहून दारे उघडत नाहीत.

सेवा-क्लब म्हणजे काय

सेवा-क्लब ही साधी कल्पना आहे. वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसे ठराविक दिवशी एकत्र जमतात, ओळख वाढवतात, आणि गावाचे एखादे काम मिळून करतात.

रोटरीची सुरुवात २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे पॉल हॅरिस या वकिलाने केली. बैठका आळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत होत, म्हणून नाव रोटरी. सुरुवातीला हेतू स्नेहाचा आणि धंद्यातल्या ओळखीचा होता. सेवेचा भाग नंतर आला. रोटरीने हाती घेतलेले पहिले सार्वजनिक काम कोणते, हे इंदूरकरांना वाचून बरे वाटेल. १९०७ मध्ये शिकागो शहरात सार्वजनिक शौचालय व्हावे म्हणून क्लबने खटपट केली. स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढणाऱ्या शहराला यात आपलेपणा वाटायला हरकत नाही.

भारतातला पहिला रोटरी क्लब कलकत्त्यात १९१९ मध्ये सुरू झाला आणि मुंबईचा १९२९ मध्ये. इंदूरचे रोटरी क्लब ‘डिस्ट्रिक्ट ३०४०’ मध्ये येतात. येथे डिस्ट्रिक्ट म्हणजे सरकारी जिल्हा नव्हे, अनेक शहरांतल्या क्लबांचा गट. महिलांना रोटरीचे सभासदत्व १९८९ पासून जगभर खुले झाले. त्याआधी रोटेरियन कुटुंबांतल्या स्त्रियांनी इनरव्हील ही स्वतंत्र संघटना उभी केली होती. तिचा पहिला क्लब १९२४ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर येथे निघाला. आज इनरव्हील स्वतःच्या हिमतीवर चालते.

लायन्सची स्थापना १९१७ मध्ये मेल्विन जोन्स या विमा व्यवसायातल्या गृहस्थाच्या पुढाकाराने झाली. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधत्वाविरुद्ध लढण्याचे आवाहन केले. तेव्हापासून डोळ्यांचे काम हीच लायन्सची ओळख झाली. गावोगावी लायन्सची नेत्रशिबिरे आणि नेत्ररुग्णालये दिसतात, त्यांचे मूळ त्या भाषणात आहे.

आपल्याकडची परंपरा

क्लब हा शब्द परका असला, तरी वर्गणी काढून लोकोपयोगी काम करण्याची पद्धत मराठी माणसाला नवी नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी तरुणपणीच आपल्या गावासाठी ‘मुरूड फंड’ काढला होता. नोकरीधंद्यासाठी गावाबाहेर पडलेल्यांनी मिळकतीतला थोडा भाग गावाच्या कामी द्यावा, ही त्यामागची कल्पना. पुढे १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू करताना त्यांनी आधी स्वतःची शिल्लक घातली, आणि मग लोकांकडे झोळी पसरली. स्वतःची विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी संस्थेच्या नावे केली. मागणाऱ्याने आधी स्वतःच्या खिशात हात घालावा, हा निधीसंकलनाचा पहिला धडा त्यांच्याकडून घ्यावा. १९१६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली, ती या पायावर उभ्या राहिलेल्या विश्वासामुळे.

दुसरे उदाहरण पैसा फंडाचे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योगाला भांडवल उभे करण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना उभा राहिला. देणगी छोटी ठेवली की देणारे वाढतात, आणि देणारे वाढले की काम सगळ्यांचे होते. आजही मोठ्या देणगीदाराच्या मागे धावताना छोटे वर्गणीदार सोडणे शहाणपणाचे नाही.

इंदुरातही असा वारसा आहे. घटना समितीचे सदस्य असलेले तात्या सरवटे यांचे नाव बसस्थानकामुळे प्रत्येक इंदूरकराच्या तोंडी असते. त्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी १९४७ मध्ये बाल निकेतन संघाच्या कामाला सुरुवात केली. बालशिक्षण आणि गरीब वस्त्यांतल्या स्त्रिया व मुले यांच्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, आणि १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संस्थापकाच्या पश्चातही काम चालू राहते, तेव्हा त्यामागे भावनेइतकीच व्यवस्थाही असते.

दोन खाती का हवीत

आता मूळ नियमाकडे वळू. लायन्स संघटनेत हा नियम लेखी आहे. प्रत्येक क्लबने दोन खाती ठेवायची. पहिले प्रशासकीय खाते, दुसरे सेवाकार्याचे खाते.

प्रशासकीय खात्यात सभासदांची वार्षिक वर्गणी आणि प्रवेश फी जमा होते. बैठकीचा खर्च, टपाल, छपाई, वरच्या संघटनेला पाठवायची रक्कम, पदाधिकाऱ्यांचा प्रवास हे सगळे त्यातून जाते.

सेवाकार्याच्या खात्यात लोकांकडून आलेला पैसा जमा होतो. त्यात देणग्या, तिकिटविक्री, जाहिराती, आनंदमेळ्याचे उत्पन्न सगळे आले. कार्यक्रम करताना झालेला थेट खर्च, म्हणजे सभागृहाचे भाडे, कलाकारांचे मानधन, तिकिटांची छपाई, हा त्यातून वजा करता येतो. उरलेला सर्व पैसा लोकांच्याच कामासाठी वापरायचा, क्लबच्या चालू खर्चासाठी नाही.

बैठकीला आलेल्या पोहे-जिलेबीचे बिल कोणत्या खात्यातून द्यायचे, हा प्रश्न चेष्टेचा वाटतो. पण सगळा नियम त्यातून समजतो. सभासदांनी खाल्लेले पोहे सभासदांच्या वर्गणीतून. रक्तदात्याला शिबिरात दिलेला चहा-बिस्किटांचा खर्च मात्र सेवाकार्यातून. रक्कम दोन्हीकडे किरकोळ असेल, पण भेद मोठा आहे.

एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, मंडळाने नाटकाचा प्रयोग लावला. तिकिटे आणि जाहिराती मिळून २,००,००० रुपये आले. नाट्यसंस्थेचे मानधन, प्रवास, सभागृह आणि छपाई यांवर १,३०,००० रुपये गेले. शिल्लक ७०,०००. सेवाकार्याला मिळालेला निधी हा ७०,०००, दोन लाख नव्हे. अहवालात ‘दोन लाखांचा निधी उभारला’ असे छापले, तर ते खोटे नसले तरी पुरते खरेही नाही. तिन्ही आकडे छापावेत. लोक खर्चाला नावे ठेवत नाहीत. लपवलेल्या खर्चाला ठेवतात.

आणखी एक अडचण फारशी लक्षात येत नाही. रोटरी व लायन्स यांचे कार्यवर्ष १ जुलै ते ३० जून असते, तर आपले आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष जुलैत बदलतात, त्यामुळे एकाच आर्थिक वर्षाच्या हिशेबात दोन कार्यकारिणींचा कारभार येतो. म्हणून ३० जूनला दोन्ही खात्यांची शिल्लक, न वटलेले चेक, यायची येणी आणि अपुऱ्या प्रकल्पांसाठी राखलेली रक्कम यांचा एक पानी तक्ता करून जुन्या व नव्या कोषाध्यक्षांनी त्यावर सह्या कराव्यात. बँकेत सह्या बदलण्याचा ठरावही त्याच आठवड्यात द्यावा. गावाला गेलेल्या माजी कोषाध्यक्षाच्या सहीसाठी चेक अडकून पडणे हा अनेक संस्थांचा नित्याचा अनुभव आहे. खाते नेहमी दोन सह्यांनी चालावे, आणि दोन्ही सह्या एकाच घरातल्या नसाव्यात.

निधी कसा उभा राहतो

प्रचलित मार्ग पाच-सहाच आहेत, आणि प्रत्येकाचे गुणदोष ठरलेले आहेत.

कार्यक्रमाची तिकिटे : लोकांना काहीतरी मिळते, म्हणून मागणे सोपे. पण जोखीम मोठी. सभागृह अर्धे रिकामे राहिले तर तोटा होतो, आणि तो सेवाकार्याच्या खात्यावर पडतो. प्रयोग ठरवण्यापूर्वी किमान खर्च भागेल इतके प्रायोजक हाताशी असावेत.

स्मरणिका आणि जाहिराती : खर्च कमी, उत्पन्न चांगले. पण जाहिरातदार दरवर्षी तेच असतात आणि थकतात. जाहिरातीची कबुली मिळणे वेगळे, पैसे हाती येणे वेगळे. स्मरणिका छापून झाल्यावर वसुली रेंगाळते. पैसे आधी, पान नंतर, ही शिस्त बरी.

आनंदमेळा, खाद्यजत्रा : इंदुरात खाण्याच्या नावाने गर्दी जमवायला कष्ट पडत नाहीत. साबुदाणा वडा, थालीपीठ आणि पुरणपोळी यांना मराठी नसलेले लोकही रांग लावतात. येथे खरा निधी भगिनींच्या मेहनतीचा असतो. सामानाचा खर्च आणि विक्री दोन्ही स्टॉलवार लिहून ठेवावे.

थेट देणगी : सर्वांत स्वस्त मार्ग. वाढदिवस, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, आईवडिलांचे पुण्यस्मरण अशा निमित्ताने देणारे पुष्कळ असतात. त्यांना फक्त नेमके काम सांगावे लागते. ‘सेवाकार्यासाठी द्या’ म्हटले तर माणूस पाचशे देतो. एका मुलीची वर्षाची फी किती आहे हे सांगितले तर ती पूर्ण भरतो.

कायम निधी : मुद्दल मुदत ठेवीत ठेवून फक्त व्याज वापरायचे. एक लाखावर सात टक्के धरले तर वर्षाला सात हजार मिळतात. एका विद्यार्थ्याच्या वह्या-पुस्तकांना आज तेवढे पुरेल, पण दहा वर्षांनी पुरणार नाही. म्हणून दरवर्षी व्याजातला काही भाग मुद्दलात घालावा.

जोड-निधी : आपण जमवलेल्या रकमेला वरच्या संघटनेने किंवा मोठ्या देणगीदाराने भर घालणे. रोटरी फाउंडेशनची पद्धत समजण्यासारखी आहे. क्लबांनी वार्षिक निधीला पाठवलेली रक्कम तीन वर्षे गुंतवली जाते, आणि त्यानंतर जवळजवळ अर्धा भाग त्याच डिस्ट्रिक्टच्या प्रकल्पांसाठी परत उपलब्ध होतो. मोठ्या आंतरराष्ट्रीय अनुदानासाठी प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो. दोन देशांतले क्लब त्यात भागीदार असतात, आणि गावाची गरज आधी तपासल्याचा पुरावा द्यावा लागतो. या फाउंडेशनची सुरुवात मोठ्या रकमेने झाली नव्हती. १९१७ मध्ये कल्पना मांडली गेल्यावर पहिली देणगी आली ती साडेसव्वीस डॉलरची.

एक पैसा, एक थेंब : पोलिओचे उदाहरण

निधी, स्वयंसेवक आणि चिकाटी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण पोलिओचे आहे, आणि ते आपल्या डोळ्यांसमोर घडले.

रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लस हा कार्यक्रम जाहीर केला. उद्दिष्ट १२ कोटी डॉलरचे होते. १९८८ पर्यंत २४.७ कोटी जमले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र आणि रोटरी यांनी मिळून जागतिक मोहीम सुरू केली. तेव्हा जगात वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलांना पोलिओ होत असे. पुढे गेट्स फाउंडेशनने रोटरीच्या प्रत्येक डॉलरमागे दोन डॉलर, वर्षाला ठराविक मर्यादेपर्यंत, देण्याचे मान्य केले.

भारतात देशव्यापी पल्स पोलिओ १९९५ मध्ये सुरू झाले. ‘दो बूंद जिंदगी की’ लिहिलेले पिवळे फलक आणि रविवारचे बूथ सगळ्यांना आठवत असतील. एका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी बालकांना डोस दिला जाई, आणि त्यासाठी २३ लाखांच्या आसपास माणसे राबत. लस सरकार देत असे आणि मुख्य यंत्रणाही सरकारीच होती. क्लबांच्या सभासदांनी बूथ सांभाळले, रेल्वे स्थानकांवर मुले शोधली आणि ज्या वस्त्यांत लसीबद्दल शंका होती तेथे घरोघरी जाऊन समजूत घातली.

२००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२. २०११ मध्ये एकच, १३ जानेवारीला पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात. त्यानंतर एकही नाही. २७ मार्च २०१४ रोजी आपल्या विभागाला पोलिओमुक्त प्रमाणपत्र मिळाले.

यातून आपल्या लहान मंडळाने घेण्यासारखे काय आहे? १९८५ ते २०१४ ही एकोणतीस वर्षे आहेत. म्हणजे प्रत्येक क्लबात एकामागून एक एकोणतीस अध्यक्ष झाले. प्रत्येकाने स्वतःच्या नावाचा नवा प्रकल्प काढला असता, तर हे काम झाले नसते. आपल्याकडे वर्षाला एक नवे उद्घाटन होते आणि मागच्या वर्षीच्या वॉटर कूलरला पाणी आहे का, हे बघायला कोणी जात नाही.

टिकणारे प्रकल्प

शहरातल्या क्लबांचे आणि मंडळांचे प्रकल्प पाहिले तर काही प्रकार कमी पैशांत बरीच वर्षे चालतात.

रक्तदान : यात पैसा कमी आणि नियोजन जास्त लागते. दाता १८ ते ६५ वयाचा, किमान ४५ किलो वजनाचा आणि १२.५ हिमोग्लोबिन असलेला हवा. पुरुषांनी दोन रक्तदानांत ९० दिवसांचे आणि महिलांनी १२० दिवसांचे अंतर ठेवायचे. रक्त नेहमीच्या पिशवीत ३५ दिवस टिकते, प्लेटलेट तर पाचच दिवस. म्हणून सगळ्या संस्थांनी एकाच जयंतीला शिबिरे घेतली तर त्या आठवड्यात रक्त जास्त होते आणि मे-जूनमध्ये कॉलेजे बंद असताना चणचण भासते. शिबिराची तारीख रक्तपेढीला विचारून ठरवावी, प्रमुख पाहुण्यांना विचारून नव्हे.

रुग्णोपयोगी साहित्य : व्हीलचेअर, वॉकर, टेकवता येणारा पलंग, कमोड खुर्ची, ऑक्सिजन यंत्र. ज्या मोहल्ल्यात ज्येष्ठ नागरिक जास्त आहेत तेथे याची गरज रोजची आहे. अनामत घ्यावी, नोंदवही ठेवावी, आणि परत आलेली वस्तू धुऊन-तपासून ठेवण्याची जबाबदारी एका नावावर असावी. वस्तू विकत घेणे सोपे असते. ती परत आणणे हेच खरे काम.

विद्यार्थ्यांना मदत : एका वर्षाच्या वह्यावाटपापेक्षा त्याच मुलाला दहावी ते पदवीपर्यंत साथ देणे जास्त फलदायी. त्यासाठी पैशाबरोबर महिन्यातून एकदा विचारपूस करणारा सभासद नेमावा. निवृत्त शिक्षक, अभियंते, बँकवाले आपल्यात पुष्कळ आहेत. मुलाचा फोटो आणि नाव मदतीच्या बातमीत छापू नये. पुढे तो त्याच वर्गात बसणार असतो.

नेत्रदान : यात निधी जवळजवळ लागतच नाही. लागते ती वेळेवर कळलेली बातमी. म्हणून पुढचा मुद्दा महत्त्वाचा आहे.

सभासद-वार्ता कशासाठी

प्रत्येक क्लबच्या पत्रिकेत शेवटच्या पानावर वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, नातवंडांचे यश आणि निधनवार्ता असतात. बरेच जण हे पान गप्पांचे समजतात. माझ्या मते पत्रिकेतले सर्वांत उपयोगी पान हेच आहे.

नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावे लागते. वय कितीही असो, चष्मा असो, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असो, नेत्रदान करता येते. दाता योग्य आहे की नाही हे नेत्रपेढीचे डॉक्टर ठरवतात. तोवर घरच्यांनी पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोके उशीने थोडे उंच करावे. पारपटल काढून घेतल्यावर चेहरा विद्रूप होत नाही. एका व्यक्तीच्या नेत्रदानातून दोघांना दृष्टी मिळू शकते.

पण दुःखाच्या त्या घटकेला घरच्यांना हे सुचत नाही. कोणीतरी दुसऱ्याने हळूच विचारावे लागते. ज्या मंडळात ‘अमुकच्या घरी काय झाले’ हे अर्ध्या तासात कळते, तेथे नेत्रदान होते. जेथे बातमी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळते, तेथे होत नाही. स्नेहलतागंज, रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर येथल्या किती घरांत आज दोनच वृद्ध माणसे राहतात आणि मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा अमेरिकेत असतात! अशा घरांना देणगीपेक्षा फोन जास्त हवा असतो.

यासाठी सभासद-वार्तेची थोडी शिस्त असावी. प्रत्येक दहा-बारा घरांमागे एक संपर्क-सभासद. त्याच्याजवळ प्रत्येक घराचा फोन, रक्तगट, परगावच्या मुलांचा नंबर आणि नेत्रदानाची इच्छा नोंदवलेली. ही यादी फक्त त्याच्याजवळ आणि सचिवाजवळ. गटावर टाकायची नाही. आजारपणाची बातमी घरच्यांना विचारूनच द्यावी. अभिनंदन मात्र मोकळेपणाने करावे, आणि त्यात फक्त परदेशी गेलेल्यांचीच नावे नसावीत. येथे राहून आईवडिलांना सांभाळणाऱ्या मुलाचीही बातमी होऊ शकते.

वार्ता नियमित असली की सभासद टिकतात. नवीन सभासद व्याख्यानाला येतो, पण त्याच्या घरच्या आजारपणात कोणी डबा घेऊन गेले तर तो कायमचा राहतो. तरुणांसाठी रोटरीत रोटरॅक्ट आहे. १९६८ पासून चालत आलेली ही व्यवस्था तरुणांना स्वतःचे प्रकल्प स्वतः ठरवू देते. आपल्या मंडळांतही तरुणांना खुर्च्या मांडण्यापलीकडचे काम दिले, तर ते येतील.

कायदा आणि कर : थोडक्यात

मध्यप्रदेशात अशा संस्था बहुधा सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ किंवा पब्लिक ट्रस्ट अधिनियम, १९५१ खाली नोंदलेल्या असतात. देणगी देताना नोंदणी क्रमांक पावतीवर आहे का, हे पाहावे.

आयकरातली ८०जी या नावाने सर्वांना ठाऊक असलेली सवलत प्रत्येक संस्थेच्या देणगीला मिळत नाही. संस्थेकडे तशी मान्यता हवी. दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीस पात्र नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइन द्यावे. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेने देणगीदारांची यादी आयकर खात्याला कळवायची आणि देणगीदाराला प्रमाणपत्र द्यायचे असते. नुसती पावती पुरत नाही. नव्या करप्रणालीत असणाऱ्यांना ही सवलत मिळत नाही.

क्यूआर कोडने पैसे देताना पडद्यावर संस्थेचे नाव येते की व्यक्तीचे, हे पाहिल्याशिवाय बटण दाबू नये. कोषाध्यक्ष कितीही सज्जन असले तरी संस्थेचा पैसा त्यांच्या खासगी खात्यात जाता कामा नये. ते त्यांच्याही हिताचे आहे.

परदेशातल्या मुलांची देणगी हा आपल्या समाजात नाजूक विषय झाला आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी मुलाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. पण त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड असूनही तीच रक्कम परदेशी देणगी ठरते. ती घ्यायला एफसीआरए कायद्याखालची परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारता येते. मुलगा आपलाच असला तरी कायदा पासपोर्ट पाहतो. संस्थेला परवानगी नसेल तर अशी देणगी नम्रपणे नाकारावी.

देताना आणि घेताना विचारायचे प्रश्न

पावती फाडण्यापूर्वी हे प्रश्न विचारायला संकोच नको. चांगल्या कार्यकर्त्याला त्यांचा राग येत नाही. उत्तर तयार असल्याचा आनंदच होतो.

१. पैसा नेमक्या कोणत्या कामासाठी आहे?
२. तो सेवाकार्याच्या वेगळ्या खात्यात जातो का?
३. मागच्या वर्षी किती जमा, किती खर्च, किती शिल्लक? लेखापरीक्षण झाले का?
४. काम पुरे झाल्यावर उरलेली रक्कम कुठे जाईल?
५. मागच्या वर्षीचा प्रकल्प आज चालू आहे का? त्याची देखभाल कोण करतो?
६. पैशाऐवजी वेळ दिला तर चालेल का?

शेवटचा प्रश्न विसरू नये. आपल्यात निवृत्तांची संख्या मोठी आहे, आणि आठवड्यातून दोन तास काढणे बहुतेकांना शक्य आहे. हिशेब तपासणे, रुग्णसाहित्याची वही सांभाळणे, एका मुलाचे गणित घेणे, दोन घरी फोन करणे, यांतले काहीही चालेल. या कामाची पावती मिळत नाही आणि करसवलतही नाही. पण ज्या क्लबकडे अशी माणसे असतात, त्याला निधी कमी पडत नाही. लोक त्यांना ओळखतात आणि पावतीपुस्तक पाहण्याआधीच दार उघडतात.